आमरीची झोप

मलकापूर हे गाव फुलझाडांच्या शोकिनांसाठी वसलेले नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. नळगंगेच्या काठची ही काळी जमीन कापसाची. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, मलकापूर, अकोला करीत नागपुरास पोहोचला, तेव्हापासून या गावाचा लौकिक कापसाच्या गाठींचा आणि जिन-प्रेसचा. वैशाखात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अंगणातली तुळस जगविणे हेच गृहिणीला पुरेसे कर्तृत्व वाटते. मोगरा, जास्वंद, सदाफुली, फार तर फाटकाशी एखादी कण्हेर, एवढ्यावर आमच्या गावचे उद्यानशास्त्र संपते. अशा ठिकाणी ऑर्किड जातीचे झाड घरी वाढविण्याचे साहस आम्ही केले आणि पहिल्याच हिवाळ्यात ते जवळजवळ मारून टाकले. पुढे त्या अपयशाची कारणे शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की आमची चूक मुळीच नवी नव्हती. तीच चूक एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील मोठमोठे सरदार, त्यांचे निष्णात माळी आणि खुद्द वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी केली होती. आणि तिच्यापायी हजारो झाडांची आहुती पडली होती. या चुकीचा इतिहास मनोरंजक आहे, आणि ज्यांच्या घरी एखादे असे झाड आहे त्यांना तो उपयोगीही पडेल, या समजुतीने येथे थोडक्यात सांगत आहो.

प्रथम झाडाविषयी. आमच्या मातोश्रींचे माहेर कोकणातले. तेथील घर विकले गेले, मामा निवर्तले. आणि ज्या वर्षी घर विकले त्याच वर्षीच्या वादळात परसातल्या जुन्या आंब्याची एक फांदी मोडून पडली. त्या फांदीवर बोटाएवढ्या जाड, गाठीगाठींच्या कांड्यांचा एक झुबका होता. तेवढा साल धरून सोलून काढून मातोश्रींनी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि रेल्वेने मलकापुरास आणला. माहेरचे म्हणून त्यांच्याजवळ उरले ते एवढेच. दारच्या कडुनिंबाच्या सावलीत एका लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने तो झुबका बांधला. पावसाळ्यात त्याला कोवळी पाने फुटली, नवी कांडी वाढली, आणि आम्हांस मोठे कौतुक वाटले.

कार्तिक उलटला आणि पाने पिवळी पडू लागली. मार्गशीर्षात ती गळाली. उघड्या, सुरकुतलेल्या काड्या तेवढ्या राहिल्या. आमचा जन्म पुस्तकांत गेलेला. आम्ही लगेच ऑर्किडांवरचे एक इंग्रजी पुस्तक मागविले. त्यात पहिल्याच प्रकरणात उष्णता व आर्द्रता यांचे माहात्म्य होते. तेवढे वाचून आम्ही दिवसातून दोनदा पाणी घालू लागलो, वर आठवड्याला खताचे पाणी. मातोश्री म्हणाल्या, “अरे, निजलंय ते. निजलेल्याला कुणी जेवायला वाढतं का?” आम्ही हसलो. पौषाच्या अखेरीस कांड्या बुडाशी मऊ व काळ्या पडल्या, बोटाने दाबताच पाणी सुटू लागले. सात कांड्यांपैकी दोन वाचल्या. मातोश्रींनी त्यावर एक शब्दही काढला नाही; आणि तेच आम्हांस अधिक लागले. पुढे तेच पुस्तक शेवटपर्यंत वाचले, तेव्हा त्यात ‘विश्रांतीचा काळ’ या विषयावर स्वतंत्र विवेचन आढळले! अर्धवट वाचलेल्या विद्येचा दोष विद्येकडे जात नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगत आलो होतो.

आता नावाचा इतिहास पाहू. ऑर्किडास मराठीत ‘आमरी’ म्हणतात. आंब्याच्या झाडावर ती वाढताना दिसते, यावरून हे नाव पडले असावे. संस्कृतात अशा झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना ‘वन्दा’, ‘वृक्षरुहा’ अशी नावे आहेत. कलकत्त्यास १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनी हिंदी वनस्पतींवर जे टिपण लिहिले ते त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘वन्दा’ हा शब्द घेऊन रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाने १८२० साली ऑर्किडांच्या एका प्रजातीचे नाव ‘वांडा’ असे रूढ केले. विदर्भातील कोरड्या पानझडीच्या रानांत आंब्यामोहांवर तपकिरी चौकडीच्या पाकळ्यांची जी आमरी आढळते, ती याच प्रजातीची. म्हणजे आज जगभरच्या बाजारांत ज्या नावाने हे फूल विकले जाते ते नाव मुळात आपल्याच कोशातले आहे. आमच्या घरच्या झाडाची प्रजाती निराळी, डेंड्रोबियम. हे नाव स्वार्ट्झ या स्वीडिश पंडिताने १७९९ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘झाडावर जगणारे’. ‘वृक्षरुहा’ या शब्दाहून तो फारसा वेगळा नाही.

मात्र या संस्कृत शब्दांनी एक घोटाळाही करून ठेवला. वन्दा म्हणजे बांडगूळही. आणि बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी तसे काही करीत नाही. ती झाडावर केवळ बसते. पाऊस, दव, धूळ, कुजलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह चालतो. तरीही आंब्याचे नुकसान होईल या भीतीने पुष्कळ जण ती ओरबाडून टाकतात.

आता त्या चुकीकडे वळू. अठराव्या शतकात ज्या थोड्या उष्णदेशीय आमऱ्या युरोपात पोहोचल्या त्यांना लिनिअसने ‘झाडावरच्या’ याच अर्थाच्या एका नावाखाली गोळा केले होते. त्या जगविणे कुणालाच नीटसे साधत नव्हते. १८१८ मध्ये ब्राझीलहून आलेली काही रोपे विल्यम कॅटली या इंग्लिश व्यापाऱ्याच्या काचगृहात फुलली आणि जॉन लिंडले या तरुण शास्त्रज्ञाने त्यांना ‘कॅटलिया’ हे नाव दिले. त्या जांभळ्या फुलांनी धनिकवर्गाला वेड लावले. १८२९ मध्ये नॅथनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. त्यावरून त्याने रोपे समुद्रपार नेण्याची काचेची बंद पेटी काढली. पुढे १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काचगृहे मध्यमवर्गाच्याही आटोक्यात आली. रोपे आणण्याची सोय झाली, ठेवण्याची सोय झाली. परंतु ती जगवावी कशी हे मात्र ठाऊक नव्हते.

लिंडले हा त्या काळचा ऑर्किडांचा सर्वांत मोठा जाणकार. त्याचा ऑर्किडांवरील महाग्रंथ १८३० पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला, आणि आमच्या घरच्या डेंड्रोबियमचे ‘बार्बाट्युलम’ म्हणजे ‘चिमुकल्या दाढीचे’ हे शास्त्रीय नावही त्याच ग्रंथातले. पण उष्ण कटिबंधात त्याने कधी पाऊल ठेवले नव्हते. तिकडून आलेल्या वर्णनांवरून त्याने लंडनच्या उद्यानसंस्थेपुढे १८३० च्या सुमारास असा उपदेश केला की या झाडांना दाट सावली, भरपूर उष्णता आणि सतत ओलावा हवा. झाले! त्याच्या शब्दाला मोठा मान असल्यामुळे सगळ्या इंग्लंडात काचगृहांची दारे-खिडक्या घट्ट बंद झाली, कोळशाच्या भट्ट्या धगधगू लागल्या, आणि त्या कोंदट वाफेत बाराही महिने झाडांवर पाण्याचा मारा सुरू झाला. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, ब्राझील या देशांतून जहाजे भरभरून येणारी रोपे तेथे सडून मेली. इंग्लंड हे उष्णदेशीय ऑर्किडांचे स्मशान आहे, असे त्या काळी खेदाने म्हटले जाई.

या विनाशाचा एक प्रसंग आपल्या देशातला आहे. आसामकडील खासी टेकड्यांत निळ्या फुलांची वांडा होते. १८३७ साली ग्रिफिथला ती प्रथम आढळली. १८५० साली जोसेफ हूकर तेथे गेला तेव्हा त्याने क्यूच्या राजोद्यानासाठी सात हमालांची ओझी होतील एवढी रोपे जमविली. त्यांपैकी इंग्लंडास जिवंत पोहोचली ती थोडीच. दुसऱ्या एका गृहस्थाने एकाच हमालाचे ओझे पाठविले; ती रोपे फार वाईट स्थितीत पोहोचली, तरी त्यांना ३०० पौंड किंमत आली. हूकरने हे स्वतःच्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेवले आहे. एवढा भाव मिळतो म्हटल्यावर त्या टेकड्यांवर पुढे काय ओढवले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आज या निळ्या वांडेला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. रानातून आमरी उपटून आणणे हे कायद्याच्या दृष्टीनेच नव्हे, तर विवेकाच्या दृष्टीनेही गैर आहे, हे येथेच सांगून ठेवतो.

चूक सुधारली ती हळूहळू, आणि सुधारणाऱ्यांत पंडितांपेक्षा माळी पुढे होते. वेंटवर्थ येथील अर्ल फिट्झविल्यमच्या बागेतील कूपर नावाच्या माळ्याने उष्णता कमी केली आणि हवा खेळती ठेवली. त्याची झाडे इतरांपेक्षा सतेज दिसू लागली. चॅट्सवर्थचा विख्यात उद्यानपाल जोसेफ पॅक्स्टन याने निरनिराळ्या हवामानांच्या आमऱ्यांसाठी निरनिराळी दालने केली. याच पॅक्स्टनने १८३५ साली जॉन गिब्सन या आपल्या तरुण साहाय्यकाला हिंदुस्थानात पाठविले होते, आणि गिब्सन १८३७ साली खासी टेकड्यांतील डेंड्रोबियमांचा मोठा संग्रह घेऊन परतला. अशा झाडांच्या मूळ ठिकाणी पाऊस केव्हा पडतो, थंडी केव्हा पडते, कोरडे दिवस किती, याची चौकशी आता होऊ लागली. १८५२ साली बेंजामिन विल्यम्सने ऑर्किडे वाढविणाऱ्यांसाठी जी पुस्तिका लिहिली तिच्यात झाडाला विश्रांती देण्याचा स्पष्ट आग्रह आहे. आपल्या देशात राहून आमऱ्या कशा वाढवाव्यात यावर सॅम्युएल जेनिंग्ज यांचा सचित्र ग्रंथ १८७५ साली निघाला. १८९८ साली किंग आणि पँटलिंग यांचा सिक्कीमच्या आमऱ्यांवरील भव्य ग्रंथ कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाने प्रसिद्ध केला. आपल्या मुंबई इलाख्यात डालझेल व गिब्सन यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आणि थिओडोर कुक यांचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात तयार झाला. खास मुंबईकडील आमऱ्यांवर फादर सांतापाव व कपाडिया यांचे पुस्तक १९६६ साली आले. (डालझेलचा सहकारी तो अलेक्झांडर गिब्सन, पुण्याजवळील दापुडीच्या सरकारी बागेचा तो प्रमुख होता. चॅट्सवर्थचा गिब्सन वेगळा.)

आता प्रश्न असा की एवढे विद्वान चुकले कशामुळे? आमच्या मते त्यांचा गैरसमज एकाच शब्दात सामावलेला होता. ‘उष्ण कटिबंध’ म्हणजे सदासर्वकाळ ऊन आणि पाऊस, असे त्यांच्या मनाने घेतले. पावसाळा हा ऋतू आहे, तो येतो तसा जातोही, आणि गेल्यावर सात-आठ महिने आभाळातून थेंब पडत नाही, हे लंडनमध्ये बसून कळणे कठीण होते. पण आम्ही तर याच मुलखात जन्मलो! आमचा अपराध त्यांच्याहून मोठा. साग दिवाळीनंतर पाने टाकू लागतो, तेव्हा त्याला कोणी पाणी घालीत नाही. फाल्गुनात पळस निष्पर्ण अवस्थेतच पेटल्यासारखा फुलतो, तेव्हा तो मेला असे कोणी म्हणत नाही. जे मोठ्या वृक्षाविषयी गावातले पोरही जाणते, ते ओंडक्यावरच्या झुबक्याविषयी आमच्या ध्यानात आले नाही, कारण ते ‘ऑर्किड’ होते आणि ऑर्किडाचे ज्ञान पुस्तकातच असते अशी आमची श्रद्धा होती.

या झोपेचे कारण झाडाच्या रचनेत आहे. डेंड्रोबियमच्या जाड कांड्या म्हणजे पाण्याचे आणि अन्नाचे रांजण. त्याच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाची सर आली की ते क्षणात पाणी पिऊन हिरवट दिसू लागते आणि पाऊस थांबताच वाऱ्याने सुकते. हे भिजणे आणि सुकणे मुळांना सारखेच आवश्यक आहे. पाने गळाली की झाडाचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. तशा वेळी घातलेले पाणी मुळांपाशी नुसते साचून राहते, हवा कोंडते आणि बुरशी शिरते. दुसरे असे की हिवाळ्यातली रात्रीची थंडी व कोरडेपणा हीच पुष्कळ जातींना कळी धरण्याची खूण असते. नोबिली नावाच्या डेंड्रोबियमला या दिवसांत खतपाणी दिले तर कळ्यांच्या जागी कांडीवर नुसती नवी रोपे फुटतात. फूल मिळत नाही.

आमच्याकडे आषाढी एकादशीला देव निजतात आणि कार्तिकीला उठतात. आमरीचे नेमके उलट. देव निजले की ती जागी होते, चातुर्मासभर खाते-पिते-वाढते. देव उठले की ती निजायला जाते. हा हिशेब मनात धरला की तिची सारी चाकरी सोपी होते, आणि गेल्या काही वर्षांत आम्ही ती याच पंचांगाने करीत आहो. मृगाचा पहिला पाऊस झाला की ओंडका उघड्यावर, पण निंबाच्या विरळ सावलीत टांगायचा. आषाढ ते भाद्रपद पाणी भरपूर. पाऊस ओढ देईल तेव्हा सकाळी भिजवायचे आणि पंधरवड्याला शेणकाल्याचे अगदी विरळ पाणी द्यायचे. आश्विनात खत बंद, पाणी निम्मे. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे. कांड्या फारच आक्रसल्या तर पंधरा दिवसांतून एकदा सकाळी नुसता शिडकावा. जागा पूर्वेच्या उजेडाची, रात्रीची थंडी लागेल अशी. पाने नसलेली कांडी वाळली समजून कापू नये. फूल तिच्यावरच येते. फुले गेल्यावर चैत्र-वैशाखात मात्र आमच्या गावच्या झळांपासून तिला जपावे लागते: वाळ्याच्या पडद्याआड, खाली पाण्याचे परात ठेवून. नवा कोंब निघून त्याची मुळे चांगली दोन-तीन बोटे वाढली, की मगच पुन्हा पाणी सुरू.

जमिनीत वाढणाऱ्या आमऱ्यांचाही हाच नेम. पहिल्या पावसांत माळरानावर पांढरी फुले काढणारी जी आषाढ आमरी, तिची पावसाळा संपताच वरची खूणसुद्धा राहत नाही. मातीखाली कंद तेवढा निजतो. ज्यांच्याकडे अशी कंदाची आमरी कुंडीत असेल त्यांनी कुंडीवर चिठ्ठी लावून ठेवावी. एरवी दिवाळीच्या साफसफाईत ‘रिकामी कुंडी’ म्हणून कंदासकट ती उकिरड्यावर जाते. बाजारात हल्ली मिळणाऱ्या फॅलिनॉप्सिस वगैरे आमऱ्या मात्र निजत नाहीत. त्यांना हा उपास लागू करू नये. त्या प्रयोगशाळेतून येतात. आमरीचे बी धुळीसारखे, त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावाचून ते रुजत नाही, हे फ्रान्समधील नोएल बर्नार याने १८९९ साली दाखविले. १९२२ साली अमेरिकेत नुडसन याने साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीवाचूनही ते रुजवून दाखविले. एके काळी ३०० पौंडांना विकले जाणारे वैभव आज मध्यमवर्गीयाच्या खिडकीत आले, ते अशाच शोधांमुळे; आणि रानांवरचा भारही त्यांनीच काही अंशी हलका केला.

वाचलेल्या त्या दोन कांड्यांना पहिल्या वर्षी फूल आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तीन नव्या कांड्या वाढल्या. त्या हिवाळ्यात आम्ही पाण्याची झारी मुद्दाम माळ्यावर ठेवून दिली, कारण आमचा आमच्यावर भरवसा नव्हता. माघात एके सकाळी उघड्या कांडीच्या गाठींवर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले, आणि तीन आठवड्यांनी ती पानावाचूनची काटकी पांढऱ्या फुलांनी भरली. मातोश्रींची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी ओंडक्यापाशी पाट मांडून घेतला, बोटांनी एकेक फूल चाचपून मोजले, आणि आंब्याच्या कुठल्या फांदीवर ते असे, हे आमच्या मुलीला सांगत बसल्या. आम्ही उत्साहाने तांब्या भरून आणला. पावलांचा आवाज ऐकून, मान न वळविता, त्या म्हणाल्या, “अजून पाणी नको हं. फुललंय, पण उठलेलं नाही.”